अंगठा उठतो ना?

मला घामाची किळस नाही. बोटाची आहे.

ताडकळसला माझं लेडीज जनरल स्टोअर आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, पावडर, शिवाय शाळेच्या लेकरांच्या वह्या-पेनं. दुकानात आलेली बाई मलमाची डबी बघायला मागते, झाकण काढते आणि 'वास कसा हाय बगू' म्हणत सरळ आत बोट खुपसते. घ्यायची नसली तरी खुपसते. नखात सकाळची कणीक, काल सारवलेलं शेण, परवाची मेंदी. मी ओरडते, "अहो बाई, वास नाकानं घेतात, बोटानं नाही!" ती हसते आणि दुसऱ्या डबीचं झाकण काढते. काय बोलावं!

हे मलम मीच घरी करते. खोबरेल तेल, मेण, खायचा सोडा, आरारूट, आणि वासाला चिमूटभर कापूर. काखेत लावलं की दिवसभर घामाचा वास मारत नाही. मी त्याला चांगलं इंग्रजी नाव दिलं होतं, चिठ्ठ्या छापल्या होत्या. बायकांनी ते नाव एका आठवड्यात मोडीत काढलं आणि 'घामाचं मलम' म्हणायला लागल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका निघताना दोन-दोन डब्या नेतात. तिकडं पाण्याचे हाल, कुठली आंघोळ आणि कुठलं काय. परत आल्या की सांगतात, "मलम लय चांगलं हाय, पर डबीत निम्मी मातीच झाली." होणारच. पाचटात राबलेलं बोट डबीत जाणार, दुसरं काय होईल?

तर बोट न लावता मलम बाहेर यावं, हे खूळ माझ्या डोक्यात आधीपासून होतं. पण दुकानाच्या धबडग्यात ते तसंच पडून राहिलं असतं. ते जिवाला लागलं अक्काच्या हातामुळं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पेडगावला दिलेली. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आणि तिची एकुलती एक लेक. शेत बटईनं दिलेलं, पण सुगीत अक्का घरी बसायची नाही. एका वर्षी सोयाबीनची रास चालू होती, आभाळ भरून आलं होतं, घाई होती. मळणी मशीनमध्ये काड लोटताना तिचा उजवा हात आत ओढला गेला. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. मी परभणीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ती गुंगीत होती आणि एकच वाक्य घोकत होती, "मशीन बंद करू नका, रास भिजंल." मला तेव्हा इतका राग आला, की काय सांगू! हात गेला बाईचा, आणि हिला राशीची पडलीय.

त्यानंतर तो हात पदराखाली गेला तो गेलाच. मलासुद्धा दाखवायची नाही. सख्ख्या बहिणीला! मी भांडले, रुसले, चार दिवस फोन केला नाही. ती आपली एकच बोलायची, "काय बगायचंय त्यात? जत्रा हाय का?" हात बघायची परवानगी फक्त लेकीला. लेकच वेणी घालायची, पोलक्याचे हूक लावायची, आंघोळीला पाणी ओतायची. आणि माझं मलमही लेकच लावायची.

मलमाचं कारण वेगळं होतं. हात बरा होईस्तोवर अक्काची धड आंघोळ होत नव्हती. त्यात एका नात्यातल्या लग्नाला ती गेली. पंगतीत शेजारी बसलेली बाई आपलं पान उचलून हळूच पलीकडं सरकली. मग तिच्या पलीकडचीही सरकली. अक्कानं भात कालवला होता, तो तसाच ठेवून ती उठली. हे तिनं मला वर्षभरानं सांगितलं, आणि सांगताना हसली. मला ते हसू अजून सहन होत नाही.

तेव्हापासून मलम लावल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. आता तुम्हीच करून बघा. उजव्या काखेत डावा हात पोचतो. डाव्या काखेत कोणता हात पोचणार? शिवाय डाव्या हाताचं तिचं सोवळं निराळंच. आता सगळ्याच कामांना तोच हात, संडासलाही तोच, म्हणून तो डबीत घालायचा नाही म्हणजे नाही. माझ्या बोटाच्या किळसेची मोठी बहीणच ती.

मग लेकीचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. हुशार पोरगी. आईच्या हाताची मलमपट्टी करता करता तिला हे वेड लागलं होतं. आणि नंबर लागल्यावर ती म्हणाली, मी जाणार नाही. "आईचं कोण करील?" एवढंच. अक्कानं दोन दिवस जेवण सोडलं. तरी पोरगी हलेना.

तिसऱ्या दिवशी अक्काचा मला फोन. "हे बग, हूक नसलेली पोलकी शिवून घीन. केस बारीक कातरून टाकीन. पाण्याचं बी बगते. ते तुझं मलम तेवढं माझ्या हातानं लागंना. त्याचं काहीतरी कर. त्या एका मलमापाई लेकीची जिंदगी अडून बसलीय बग."

दसऱ्यानंतर पोरीला हजर व्हायचं होतं. दीड महिना हाताशी होता.

मी दुकानातली ग्लू स्टिक घेतली, लेकरं वहीला चित्र चिकटवतात ती. आतला गोंद काढला, नळी धुतली, मलम ओतलं. खालची चकरी फिरवली की वर येतंय, छान! पण एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं. तिला दुसरा हात कुठाय? शिवाय आमच्या पत्र्याखाली दुपारी मलम वितळून चकरीतून गळायला लागलं. मेण वाढवलं तर दगड झाला, काखेत रेघ उठेना. मेण कमी केलं तर पुन्हा गळतंय. घरात जिकडंतिकडं तेलकट. नवरा म्हणाला, "दुकान करायलीस का गिरणी?" मी म्हटलं, तुमच्या काखेत लावून बघू का? तसा उठून बाहेर पळाला.

मग एक दिवस गिऱ्हाइकाला पेपर कटर दाखवताना डोक्यात ट्यूब पेटली. कटरचं पातं अंगठ्यानं वर सरकतं. एकाच हातानं! बाकीची बोटं नुसती धरायला, आणि धरायचं काम तळहातानं भागतं. मी पीव्हीसी पाइपचा मुठीत बसेल असा तुकडा आणला, कुशीला चीर पाडली, चिरेतून सरकणारी कळ बसवली. तोंडाला प्लॅस्टिकची चकती, तिला तापलेल्या सुईनं भोकं. कळ वर रेटली की सोऱ्यातून शेवया याव्यात तसं मलम भोकांतून यायचं. कळ खाली ओढली की उरलेलं मागं जायचं. गळणं नाही, बरबट नाही, बोट नाही. मी माझी चार बोटं चिंधीनं तळहाताशी बांधली आणि नुसत्या अंगठ्यानं डाव्या काखेत लावून बघितलं. लागलं! मी एकटीच दुकानात नाचले असेन.

एकच शंका होती. अक्काला फोन केला. "अक्का, अंगठा उठतो ना गं तुझा?"

"उठतो की," ती म्हणाली. "एका झटक्यात उठतो."

मला तेवढंच पुरे होतं. हात बघायला गेले असते तर तिनं दाखवला नसता. ही माझी मला सांगायची सबब आहे. मी हट्ट केला असता तर दाखवलाही असता.

दसऱ्याआधी नळी घेऊन पेडगावला गेले. अक्कानं ती डाव्या हातानं उलटीपालटी करून बघितली, कळ वरखाली केली, म्हणाली, "आक्कल हाय की गं तुला!" मी म्हटलं, लावून दाखव. तर म्हणाली, तुमच्यासमोर उघड्या अंगानं बसू का? नळी घेऊन न्हाणीत गेली, पत्र्याचं दार लोटलं. आम्ही मावशी-भाची बाहेर वट्ट्यावर. भाची नखं खात होती. बराच वेळ लागला. अक्का बाहेर आली तेव्हा घामाघूम होती, आणि कापराचा वास येत होता. लेकीनं तिचे दोन्ही दंड वर केले आणि काखा बघितल्या. दोन्हीकडं मलम होतं. डाव्या काखेत जरा जास्तच होतं.

"अंगठ्यात जोर यायलाय म्हणत होते ना मी?" अक्का म्हणाली. "तुलाच पटंना."

पोरगी आईच्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली. दसरा झाला आणि नांदेडला गेली. आता वाटतं, त्या हाताची पट्टी तिनंच इतके दिवस बदलली होती, तिला अंगठ्याची गत ठाऊक नसेल? पण तिलाही जायचं होतं. माणसाला जायचं असलं की पटतं.

पुढं चार-पाच महिने मी हवेत होते. दर बाजारला पेडगावहून कुणाच्या तरी पिशवीतून रिकामी नळी यायची, मी भरून पाठवायची. नळी अगदी तळापर्यंत रिकामी असायची. दुकानात येईल त्या बाईला मी सांगायची, बोटं नसलेली माझी बहीण स्वतःच्या हातानं लावते, तुम्हाला काय धाड भरलीय?

उन्हाळा लागता लागता अक्काला ताप आला. शेजारणीनं कळवलं म्हणून मी गेले. ती बाजेवर पडलेली, डावा हात अंगापासून लांब धरलेला. खोलीत कापराचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक वास होता, तो मला आवडला नाही. चहाच्या आधी पाय धुवावेत म्हणून मी न्हाणीत गेले.

न्हाणीची भिंत खरबरीत गिलाव्याची. तिच्यावर छातीच्या जरा वर, परातीएवढा पिवळट तेलकट डाग. कडेला धूळ चिकटलेली, मुंग्या लागलेल्या. मधोमध मात्र खरबरीतपणा गेलेला, घासून घासून. तिथं पोलक्याच्या कापडाचे दोन-चार दोरे आणि तांबूस ओल. हे काय म्हणून मी बघत राहिले. मग माझा डावा हात आपोआप वर झाला. डाग बरोबर माझ्या काखेच्या उंचीला होता. अक्का माझ्याएवढीच आहे.

मी बाहेर आले आणि तोंडाला येईल ते बोलले. तापलेल्या बाईला बोलू नये तेही बोलले. "मला म्हणालीस अंगठा उठतो! खोटारडे!"

"उठतोच की," ती म्हणाली. "दर महिन्याला रेशनच्या दुकानात उठतो. म्हाताऱ्यांचे उठत न्हाईत, माझा एका झटक्यात उठतो. तू इचारलंस, म्या सांगितलं."

रेशनच्या मशीनवर ठसा उमटला की आमच्याकडं सगळेच म्हणतात, अंगठा उठला. मीही म्हणते. मी जन्मभर म्हणत आलेय. आणि त्या दिवशी फोनवर मला तो शब्द कळला नाही. का तिलाच मला कळू द्यायचा नव्हता, ते तिनं कधी सांगितलं नाही.

मग तिनं पदर बाजूला केला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. अंगठा होता, पण वाळलेल्या गवारीच्या शेंगेसारखा नुसता लोंबत होता. "दुकानदारच धरून दाबतो मशीनवर," ती म्हणाली. "याच्यात जीव कुठाय? तुझी नळी डाव्या हातानं धरते, भिंतीला मलम फासते, न् मग भिंतीला काख लावते. म्हशीवाणी. पर माझं मी करते का न्हाई? भिंतीला मी लावते, भिंत मला लावती."

मी तिची काख बघितली. गिलाव्यानं सोलून निघालेली, पिकलेली. मी रडले. नळी करताना बांधलेली माझी ती चार बोटं आठवली. चिंधीत होती, पण होती. मी स्वतःलाच हुशार समजत बसले होते.

दवाखाना केला. आठवडाभर राहिले, रोज माझ्या बोटानं तिची जखम पुसली, माझ्या बोटानं औषध लावलं. अक्कानं माझ्याकडून वचन घेतलं. "लेकीला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बगशील." त्या आठवड्यात लेकीचा रोज फोन यायचा. "मावशे, आई मलम लावती ना नीट?" मी म्हणायची, लावते गं बाई, तू अभ्यास कर.

ताडकळसला परतल्यावर मात्र मला चैन पडेना. भिंतच हवीय ना हिला, तर भिंतीलाच करून देते, म्हटलं. स्टीलचा लहान झारा घेतला, दांडा कापून टाकला. झाऱ्याचं गुळगुळीत तोंड पुढं, त्याच्या मागं नळीनं भरायची मलमाची डबी, कुशीला डाव्या हातानं रेटायची कळ. कळ रेटली की झाऱ्याच्या भोकांतून हवं तेवढंच मलम यायचं. काख टेकवायची, झालं. कुठं ओरखडा नाही, कुठं बरबट नाही. पेडगावला जाऊन मी न्हाणीची भिंत सोड्यानं घासली आणि त्याच डागाच्या जागी झारा चार स्क्रूनं पक्का बसवला.

अक्कानं लावून बघितलं आणि खुदकन हसली. "आता म्हशीला स्टीलचा खांब आला म्हण की!" जखम भरली. ती परत लग्नाकार्याला जायला लागली. एका पंगतीत पोटभर जेवून आले, असा तिचा फोन आला, तो दिवस मी विसरणार नाही. आयुष्यात मी केलेली ती एकमेव धड वस्तू.

पुढच्या दिवाळीला पोरगी पहिल्यांदाच सुट्टीवर घरी आली. मीही फराळाचा डबा घेऊन गेले होते. पहिल्या आंघोळीचा दिवस, अक्कानं डाव्या हातानं लेकीच्या डोक्यावर तेल थापलं, न्हाणीत कढत पाणी काढून दिलं. पोरगी आत गेली. मी चुलीपाशी, अक्का वट्ट्यावर. पाणी पडल्याचा आवाज काही येईना. मी हाक मारली, "अगं, पाणी निवायलंय." अक्का माझ्याकडं बघायला लागली, मी अक्काकडं.

पोरगी बाहेर आली ती कोरडीच. कपाळावरून तेल ओघळत होतं.

"भिंतीला ते काय हाय?"

"मावशीचं खूळ," अक्का म्हणाली.

"काखेच्या उंचीला हाय."

तिनं आईसमोर बसून पदराखालचा उजवा हात बाहेर ओढला. तळहातावर स्वतःचं बोट ठेवलं. "धर, आई." अक्का हसण्यावारी न्यायला लागली. "धर म्हणते ना." अंगठा हलला नाही. मग पोरीनं आईचा डावा दंड वर केला आणि काखेतला व्रण बघितला. किती दिवसांचा आहे, कशानं झाला, हे तिला विचारावं लागलं नाही. तेच तर शिकत होती ती तिथं.

"तुला म्हाईत होतं, मावशे?"

"होतं," मी म्हणाले.

तिनं आंघोळ केली, फराळ केला, पाहुण्यांशी बोलली. सुट्टी संपल्यावर नांदेडला गेली आणि चौथ्या दिवशी ट्रंक घेऊन परत आली. निरोप आला तशी मीही पेडगावला धावले. आम्ही दोघींनी हात जोडले, शिव्या दिल्या, अक्कानं पुन्हा जेवण सोडलं. पोरगी शांतपणे म्हणाली, "मला फसवून धाडलं होतं तुमी."

मी निघाले त्या दिवशी अक्का एस.टी.पर्यंत सोडायला आली. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एस.टी. दिसल्यावर एवढंच म्हणाली, "भिंत गप होती गं. तूच तिला बोलती केलीस."

झारा अजून तिथंच आहे म्हणतात, स्क्रू गंजलेत. गेल्या बाजारला पेडगावची एक बाई दुकानात आली, डबीचं झाकण काढून तिनं आत बोट खुपसलं, आणि मी ओरडायच्या आत म्हणाली, अक्कानं निरोप दिलाय. आता नळी भरून पाठवू नको, साधी डबीच पाठव. लेकीची बोटं हायेत.